माइनमुळ्याच्या बेचाळीस बरण्या

"बाई, इ मधे कसा आला?" मी विचारलं. "इ तर कायम पुढं असतो. इमारत, इस्त्री, इडली. ह्यो असा मधेच कसा घुसला?"

शिंत्रे बाई कात्रीनं चिठ्ठ्या कापत होत्या. काही शब्दांत येतो मधे, घाबरायचं नाही, पाटीवर आहे तसा उतरवायचा, असं त्यांनी मान वर न करता सांगितलं.

मी उंबऱ्याजवळ उन्हात पोतं टाकून बसले होते. मांडीवर पाट, पाटावर चिठ्ठ्या आणि समोर भिंतीला टेकवलेली पाटी. पाटीवर बाईंच्या अक्षरात एकच शब्द होता, माइनमुळा. मा नीट यायचा. मग इ. त्याची शेपटी कुठं वळवायची ते हाताला समजत नव्हतं. एकदा त्याचा ड झाला, एकदा झ. सात चिठ्ठ्या वाया गेल्या. बेचाळीस पाहिजे होत्या आणि चार वाजता जीप येणार होती.

"मुळा तर मुळा ल्ही की," आतून तानाक्का म्हणाली. "खाणाऱ्याला काय करायचाय तुझा इ? आमची हौसाक्का तलाठी झाल्यापासनं शेतातली मुळंबी हिच्या सहीबिगर उगवंनात."

आत बायका हसल्या. मीही हसले. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. साक्षरतेच्या वर्गाला जाऊन दोन हिवाळे झाले होते. आजऱ्याकडच्या आमच्या गावात शिंत्रे बाई तो वर्ग घ्यायच्या, आणि त्यांच्याच घराच्या मागच्या पडवीत आम्ही बायका लोणची, चटण्या करायचो. संक्रांतीच्या आसपास आमच्याकडं बाजारात माइनमुळा येतो. बोटाएवढी मुळं, मातीनं भरलेली. धुऊन, खरवडून त्याच्या चकत्या केल्या की घरभर कैरीसारखा वास सुटतो. मोहरीची डाळ, लिंबू, हळद आणि भरपूर हिरवी मिरची घालून त्याचं लोणचं करतात. तालुक्याच्या गावच्या मुलींच्या वसतिगृहानं आमच्याकडं बेचाळीस बरण्या मागितल्या होत्या. तोवर आम्ही एका वेळी दहाच्या वर बरण्या कधी विकल्या नव्हत्या. हे नीट पार पडलं तर दर महिन्याला द्या, असं त्यांनी कळवलं होतं. बाई आठ दिवस तेच बोलत होत्या.

चिठ्ठ्या लिहिणं माझं काम नव्हतं. माझं काम कालवायचं. माइनमुळ्याच्या चकत्या चमच्यानं मोडतात, त्या हातानंच कालवाव्या लागतात, आणि कालवताना हातात बांगड्या नकोत असा बाईंचा नियम होता. पण नवरा धडधाकट असताना हात भुंडे करून कोण बसणार? एकही बाई तयार झाली नाही. मग बाईंनी ते काम मला दिलं. माझे हात आठ वर्षांपूर्वी मोकळे झाले होते. हळदीकुंकवाला, बारशाला, ओटी भरायला त्या हातांचा उपयोग नव्हता. परातीत होता. चार वर्षं गावातलं सगळं लोणचं या दोन हातांनी कालवलं.

त्या दिवशी सकाळी मी बाईंना म्हणाले, आज चिठ्ठ्या मी लिहिते. बाई खूश झाल्या. मग कालवायला कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, शालन बसंल.

शालन आमच्यात सगळ्यांत लहान, बावीस वर्षांची. तिचा नवरा दत्ता फौजेत होता. त्या हिवाळ्यात फौजा सरहद्दीवर जाऊन बसल्या होत्या आणि सव्वीस दिवस त्याचं पत्र आलं नव्हतं. हे सव्वीस दिवस मोजणारी बाई म्हणजे तिची सासू, गुणाक्का. तीही आमच्यात काम करायची. चकत्या कापता कापता मधेच सुरी थांबवून म्हणायची, आज चोविसावा, आज पंचविसावा. सून घरात आली त्या वर्षी म्हैस मेली, मग सासरा नारळावरून पडून कायमचा अंथरुणाला लागला. गुणाक्का त्यावर उघड काही बोलायची नाही. शालनच्या पायांकडं बघायची फक्त.

अशी शालन बांगड्या काढणार नाही हे मला ठाऊक होतं. काढूही दिल्या नसत्या तिला. मी तिला सांगितलं, बांगड्या कोपरापर्यंत वर सार आणि वरून फडकं गुंडाळ. एकदा परातीत हात घालून मीठ बघितलं, कसं कालवायचं ते दाखवलं, हात धुतले आणि उंबऱ्याजवळ येऊन बसले. त्यानंतर दोन तास मी मागं वळून बघितलं नाही. माझं लक्ष त्या इ च्या शेपटीत होतं.

दुपारी एकच्या सुमाराला बरण्या भरून झाल्या. काचेच्या बरण्या, पत्र्याचं फिरकीचं झाकण. बाईंनी प्रशिक्षणात शिकून आणलं होतं की बरणी उकळत्या पाण्यातून काढायची, गरम असतानाच भरायची आणि झाकण लगेच आवळायचं. मग थंड झाल्यावर झाकण आतून ओढलं जातं आणि माल टिकतो. झाकणं आवळायचं काम तानाक्काचं. तिनं वीस वर्षं ऊस तोडला होता. तिनं आवळलेलं झाकण आणि गाठलेला नवरा सुटत नाही, असं तीच म्हणायची.

माझ्याही चिठ्ठ्या झाल्या होत्या. खळ लावून बरण्यांवर चिकटवल्या. ओळीनं बेचाळीस वेळा माझं अक्षर. मी ते जरा लांबून बघितलं, जवळून बघितलं. मग परात धुवायला घेतली.

परातीच्या कडेला दुमडलेल्या पत्र्यात मोहरीच्या डाळीबरोबर काहीतरी हिरवं अडकलं होतं. मिरची असेल म्हणून नखानं काढायला गेले. मिरची वाकते. हे वाकलं नाही.

मी ते धुतलं. बोटाच्या पेराएवढा, हिरव्या बांगडीचा तुकडा.

मी तो मुठीत धरला आणि मग कमरेला खोचला. कुणी बघितलं नव्हतं. तानाक्का पाय पसरून पान खात होती. गुणाक्का साली गोळा करत होती. शालन बरण्या पुसत होती. तिच्या हातांवर कोपरापर्यंत हळद आणि तेल माखलेलं होतं, बांगड्यांवर थर बसला होता, किती आहेत ते कळत नव्हतं. फडकं मात्र तिच्या हातावर नव्हतं. केव्हाच सुटून पडलं असावं.

आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि जिचा नवरा सरहद्दीवर आहे, ज्याचं सव्वीस दिवस पत्र नाही, तिची तर वाढली असंही सासूसमोर कुणी म्हणणार नाही. माझ्या तोंडातून तो शब्द निघाला असता तर संध्याकाळी गुणाक्कानं शालनचं बोचकं बांधलं असतं. आणि उद्या खरंच काही बातमी आली असती तर जन्मभर ते त्या बांगडीवर गेलं असतं, त्या पोरीवर गेलं असतं.

पण बांगडी एका तुकड्यात वाढत नाही. बाकीचे तुकडे बेचाळीस बरण्यांत कुठंतरी होते. त्यांत हिरव्या मिरचीचे तुकडे, तेवढेच, त्याच रंगाचे. बाहेरून काचेतून बघून समजणं शक्य नव्हतं. आणि उद्या सकाळी वसतिगृहातल्या पोरी भाकरीबरोबर ते खाणार होत्या.

मी बाईंकडं गेले. म्हणाले, मला मिठाची शंका येतीया. बरण्या उघडून बघू.

बाईंनी उरलेल्यातलं बोटभर चाखून बघितलं आणि ठीक आहे म्हणाल्या. मी म्हणाले, वरचं ठीक असंल, परातीच्या तळाला मीठ बसतं, शालन नवी आहे, काही बरण्या अळणी आणि काही खारट झाल्या असतील. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मिठाबाबत त्या माझ्या शब्दाबाहेर कधी गेल्या नव्हत्या. घड्याळाकडं बघून त्या म्हणाल्या, चला, उघडा तर मग.

पहिली बरणी मी दोन गुडघ्यांत धरली आणि झाकणाला पीळ दिला. तळहात सरकत होता. ओलं फडकं घेतलं, तरी झाकण हललं नाही.

तानाक्का आली आणि बरणी माझ्या हातातून घेतली. तिनं आवळलेलं तिलाही सुटेना. उंबऱ्यावर झाकणाची कड चारी बाजूंनी आपटली, मग पुन्हा पीळ दिला. तिच्या मानेच्या शिरा वर आल्या. आतून टक् असा आवाज आला आणि झाकण फिरलं.

"एक," ती म्हणाली. "अजून एकेचाळीस हाईत. मीठ बघायला जावई येणार हाय काय कुणाचा?"

मी ती बरणी परातीत ओतली आणि दोन्ही हातांनी तळापर्यंत चाचपली. चव घेतल्यासारखं केलं. ठीक आहे म्हणाले. पुन्हा बरणी भरली. दुसरी. तिसरी. चुलीवर पातेल्यात पाणी तापवलं आणि बरण्या उलट्या करून झाकणं त्यात बुडवून धरली, तेव्हा काही लवकर सुटू लागली. काही तेवढ्यानंही सुटेनात, तिथं झाकणाखाली सुरीचं टोक घालून हवा सोडावी लागायची. एकदा सुरी सटकून माझ्या अंगठ्यात गेली. मिरची झोंबली. बाई म्हणाल्या, आता पुरे करा. मी म्हणाले, अजून थोड्या.

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मिठासाठी कुणी परातीत असे हात फिरवत नाही, तांदळातले खडे शोधल्यासारखे.

सातव्या बरणीत बोटाला लागला. मोठा होता, अर्ध्या बांगडीचा. मी तो चकत्यांसकट मुठीत घेतला, हात धुवायच्या निमित्तानं मागच्या दारी गेले आणि धुण्याच्या दगडावर कमरेचा पहिला तुकडा काढून त्याच्या शेजारी ठेवला. टोकाला टोक लावलं. जुळत होतं. पण गोल पुरा होत नव्हता. दोन बोटांची फट राहत होती.

मागं पावलं वाजली. शालन होती. ती दगडाकडं बघत उभी राहिली. तिच्या तोंडाला रंग नव्हता.

"एक माझ्याकडं हाय," ती हळूच म्हणाली.

पदराच्या गाठीतून तिनं तुकडा काढला. कालवताना कळलंच नाही, म्हणाली. फडकं सुटलं, ते बाजूला टाकलं. बरण्या पुसताना हा पदराला टोचला, तेव्हा उजव्या हातात एक कमी दिसली. तिला वाटलं, सगळी बांगडी खालीच पडली असेल आणि कुणीतरी झाडून टाकली असेल. तसं तिनं स्वतःला समजावलं होतं.

मी तिचा तुकडा घेऊन फटीत ठेवला. दोघी खाली वाकलो. टोकं जुळली. मला वाटलं, झालं, संपलं.

पण नव्हतं संपलं. एका जागी तुरीच्या दाण्याएवढी फट होती. मी तुकडे फिरवून बघितले, उलटे लावून बघितले. फट तिथंच राहिली.

"तेवढं बारीक तिथल्या तिथंच चुरा झालं असंल," शालन म्हणाली.

मी तुकडे एकेक उचलून पुसले.

"आक्का, आत्तींना सांगू नगा. तुमच्या पाया पडते. त्या मला ठेवायच्या न्हाईत. आणि त्यानला," ती थांबली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे. "त्यानला काय झालं, तर मीच केलं म्हणतील. मलाबी तसंच वाटंल."

मी तिला हात धुऊ नको म्हणाले. हळद तशीच राहू दे, म्हणाले. आणि तुकडे पुन्हा कमरेला खोचून आत गेले.

आठवी बरणी. नववी. दहावी. तुरीच्या दाण्याएवढी काच मोहरीच्या डाळीत बोटाला कशी लागणार हे मला कळत होतं, तरी मी चाचपत होते. अकरावी पुन्हा भरत होते तेव्हा जीपचा हॉर्न वाजला.

चारला अजून वीस मिनिटं होती. ड्रायव्हर अंगणात उतरला, पावती पुस्तक काखेत. बाईंनी त्याला बसायला पाट दिला, चहा ठेवायला सांगितलं आणि आत येऊन माझा हात धरला.

"अकरा बघितल्या, अकराही ठीक निघाल्या," त्या म्हणाल्या. "आता झाकणं लावा, हौसाक्का. आज माल गेला नाही तर तो माणूस पुन्हा येणार नाही. चार वर्षं आपण याचीच वाट बघितली आहे."

त्या खरंच बोलत होत्या. तानाक्कानं झाकणं लावायला सुरुवात केली. शालन भिंतीला टेकून उभी होती. ड्रायव्हर दारात येऊन बरण्या मोजू लागला. मोजता मोजता त्यानं एक बरणी उचलली आणि माझी चिठ्ठी मोठ्यानं वाचली, माइनमुळा. मग म्हणाला, आमच्या पोरींना लई आवडतंय हे, बोटं चाटत्यात.

माझं अक्षर परक्या माणसानं वाचलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी म्हणाले, "ठेव ती खाली."

त्यानं बाईंकडं बघितलं. मी कमरेचे तुकडे काढले आणि बाईंच्या समोर पाटावर ठेवले, एकाशेजारी एक, गोल.

"बांगडी हाय," मी म्हणाले. "लोणच्यात पडलीया. एवढी गावली. एवढी न्हाई गावली." मी फटीवर बोट ठेवलं.

चहा उतू जाऊन चुलीत चर्र झालं, तरी कुणी उठलं नाही.

बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कुणाची?"

मी वर बघितलं नाही. पण गुणाक्काच्या हातातली सुरी थांबलेली मला दिसली. तिची मान फिरली, शालनकडं. शालनच्या हातांवर हळदीचा थर होता आणि थराखाली बांगड्या. पाण्याचा एक तांब्या ओतला की मोजता आल्या असत्या.

"माझी," मी म्हणाले.

तानाक्का फिस्सकन हसली. मग तिचं हसू थांबलं.

"तुझी कुठली बांगडी?" गुणाक्का म्हणाली. "तुझ्या हातात कुठली आली बांगडी?"

"पेटीत एक राहिली होती. सकाळी घातली. मन झालं."

"मन झालं," गुणाक्का म्हणाली.

"मीठ बघायला परातीत हात घातला, तवा पडली. म्हणून दुपारपासनं शोधतीया. मिठाचं मी खोटं बोलले." मी बाईंकडं बघून हे म्हणाले, कारण तेवढंच त्यातलं खरं होतं.

गुणाक्कानं सुरी खाली ठेवली. आठ वर्षं झाली मालक जाऊन, ती म्हणाली, आणि हिरवी बांगडी? कुणासाठी? अक्षरं आली म्हणून लाज गेली का? ड्रायव्हर परका माणूस दारात उभा होता, त्याच्यासमोर ती हे बोलली. तो बिचारा पावती पुस्तक चाळायला लागला. मी मान खाली घालून ऐकलं. माझ्या मोकळ्या मनगटांकडं सगळ्या बघत होत्या. त्या मनगटांकडं इतकं कुणी कधी बघितलं नव्हतं.

बाई उठल्या. त्यांनी ड्रायव्हरला चहा दिला, माल खराब निघाला म्हणून सांगितलं आणि रिकाम्या जीपला फाटकापर्यंत सोडून आल्या. परत आल्यावर पदर खोचला आणि म्हणाल्या, परसात खड्डा काढा. बेचाळीसही.

बरण्या टाकून चालणार नव्हत्या, म्हणून एकेक उघडून रिकामी करायची होती. उरलेल्या एकतीस बरण्यांची झाकणं तानाक्कानं स्वतः आवळलेली आणि तिनंच ती स्वतः सोडवली, आपटून, पिळून, शिव्या देत. गुणाक्का तोवर घरी निघून गेली होती. शालन आणि मी ओतत होतो. एकदा तानाक्का शालनला म्हणाली, चल, हात धू, किती वेळ पिवळी नवरी होऊन फिरतीस. तिनं तिला ओढतच मोरीकडं नेलं. त्या परत आल्या तेव्हा शालनचे हात स्वच्छ होते आणि बांगड्या दोन्ही हातांत भरलेल्या होत्या. तानाक्काच्या उजव्या हातात एक कमी होती. मी पुढची बरणी तिच्यासमोर सरकवली.

शेवटचा तुकडा सापडला नाही. खड्ड्यात गेला, मोरीत गेला, की शालन म्हणाली तसा चुराच झाला होता, देव जाणे.

ते काम गेलं. दुसरं तसं मिळायला अकरा महिने लागले. बाईंनी मला कधी बोल लावला नाही, पण कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या, आणि मला ते गुणाक्काच्या बोलण्याहून जड गेलं. गुणाक्का तर गावभर बोलली. पाणवठ्यावर, दळायला गेलं की गिरणीत, बायका माझ्या हातांकडं बघून गप्प व्हायच्या. पोरं मला हिरवी हौसा म्हणायला लागली. माझ्या लेकानं विचारलं, आई, खरं का? मी म्हणाले, खरं.

पंधराव्या दिवशी दत्ताचं पत्र आलं. शालन ते घेऊन माझ्याकडं धावत आली, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि सासऱ्याला बारीक अक्षर दिसत नव्हतं. मी बोट ठेवत ठेवत वाचलं. थंडी फार आहे. टपाल बंद होतं. मी सुखरूप आहे. आईची काळजी घेणे. शालननं तेवढं एक वाक्य माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं, तिसरं.

दत्ता दिवाळीला सुट्टीवर आला. दुसऱ्या दिवशी गुणाक्का माझ्या दारात आली, वाटीत चार लाडू घेऊन. ती माझ्या घरी कधीच आली नव्हती. बस म्हणाले, बसली. लेकाचं बोलली, तो किती वाळलाय ते सांगितलं. उठताना दाराची चौकट धरून म्हणाली,

"तानीच्या बांगड्यांवर सोनेरी टिपके असतात. आमच्या घरात तसल्या कुणी भरत न्हाई."

मला आधी कळलं नाही.

"त्या दिवशी सांजच्याला मी मोजल्या," ती म्हणाली. "आकडा बरोबर भरला. एक टिपक्याची होती."

"म्हणजे तुला ठावं होतं."

"व्हय."

"आणि तरी गावभर माझं नाव वाईट केलंस?"

ती माझ्याकडं सरळ बघत होती. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, लाजही नव्हती. "कुणाच्या तरी नावावर जायलाच पाहिजे होती ती, हौसा. तू म्हणालीस माझी, तर मी ती तुझीच करून टाकली. पक्की. माझ्या लेकावर न्हाई येऊ दिली." मग उंबरा ओलांडताना म्हणाली, "तुझं काय जाणार होतं? तुझं जायचं ते गेलंच होतं."

वाटी तिथंच ठेवून ती गेली. त्या लाडवांना मी तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी खाल्ले.

त्या शुक्रवारी आजऱ्याच्या बाजारात मी कासाराच्या पाटासमोर जाऊन बसले. तो मला ओळखत नव्हता. लेकीला का सुनेला, माप काय, असं त्यानं विचारलं. मी माझा डावा हात पुढं केला.

त्यानं माझ्या कपाळाकडं बघितलं, हाताकडं बघितलं. मग त्यानं माझी बोटं हातात घेऊन दाबली. हात लई आखडलाय, म्हणाला, किती दिवसांनी भरताय? मी म्हणाले, नऊ वर्षांनी. त्यानं हाताला तेल लावलं. पंजा वळवला, अंगठा आत दुमडला, पुन्हा वळवला. बांगडी हाडापाशी अडून बसली. फुटेल असं मला वाटलं. श्वास सोडा, तो म्हणाला, आणि घट्ट धरून नका ठेवू. मी श्वास सोडला. बांगडी खाली उतरली.

एकच घातली. हिरवी, साधी, टिपके नसलेली. नाव तर तिच्यासाठी आधीच झालेलं होतं.

सोमवारी पडवीत गेले तेव्हा बाईंनी ती बघितली. थोड्या वेळानं त्यांनी परात माझ्या पुढ्यातून उचलून दुसरीकडं ठेवली. नियम त्यांचाच होता. मग कोपऱ्यातून पाट आणला, चिठ्ठ्या आणल्या आणि पाटी पुसून माझ्यासमोर ठेवली.

"माइनमुळा यायला अजून अवकाश आहे," त्या म्हणाल्या. "आता आवळा. लिहा."